दारात यजमानाची रीत, माजघरात आपली

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुने विंडोज प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकांवर चालवण्याबद्दल लेख आला होता. त्यातल्या दोन वाक्यांसाठी हे पत्र. पहिले वाक्य, 'वाइन हा एम्युलेटर आहे.' दुसरे, 'एक्स-११ मधून सगळे व्यवस्थित चालत असताना मॅकसाठी वेगळा ड्रायव्हर लिहिणे ही प्रोग्रॅमर मंडळींची हौस होती.' (वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्स किंवा ॲपलचा मॅक अशा दुसऱ्या सिस्टीमवर चालवणारा प्रोग्रॅम. एक्स-११ म्हणजे पडद्यावर खिडक्या काढायची एक पद्धत. आणि ड्रायव्हर म्हणजे वाइन आणि खालची सिस्टीम यांच्यामधला दुभाषी भाग.) पहिल्याबद्दल थोडक्यात सांगते. दुसऱ्याबद्दल मात्र भरपूर बोलायचे आहे, कारण त्या 'हौसे'वर गेली काही वर्षे आमच्या दुकानाच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांना द्यायचे हिशेबाचे कागद, निघताहेत.

मी सांगलीच्या गणपती पेठेत राहते. घरची हळदीची अडत सासऱ्यांपासूनची. २००१ साली विश्रामबागेतल्या एका क्लासला जाऊन मी व्हिज्युअल बेसिक ६ शिकले. वर्गात सगळी कॉलेजची पोरे, आणि मी एकटी मुलाला शाळेत सोडून धावत येणारी. क्लास संपायच्या आत मी आमच्या दुकानापुरता पट्टीचा प्रोग्रॅम लिहिला. शेतकऱ्याचे नाव, गाव, पोती, वजन, भाव, खाली हमाली-तोलाई वजा जाऊन हातात पडायची रक्कम. आमचे दिवाणजी पहिले वर्षभर पट्टी संगणकावर काढायचे आणि लाल वहीत पुन्हा बेरीज मारून बघायचे. एकदाही फरक निघाला नाही तेव्हा वही बंद झाली. त्या प्रोग्रॅमला मी नंतर फार हात लावला नाही. चालत्या गाडीला खीळ कशाला, असे ह्यांचे म्हणणे, आणि ते मला पटायचे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात कृष्णेच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. दुकानातला संगणक टेबलावर होता म्हणून आम्ही निर्धास्त होतो. टेबलासकट गेला. डेटाची प्रत पेन ड्राइव्हवर, वरच्या मजल्यावर देवघराच्या खणात होती, ती वाचली. प्रोग्रॅमही त्यातच. पुण्याच्या भाच्याने त्याचा जुना मॅक मिनी आणून दिला आणि म्हणाला, "मावशी, नवा घेईपर्यंत हा वापरा." नवा अजून घेतलेला नाही.

आता एम्युलेटरचे. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे सोंग घेणे, प्रोसेसरची प्रत्येक सूचना भाषांतर करून चालवणे. वाइन तसे करत नाही. माझा प्रोग्रॅम ज्या सूचना प्रोसेसरला देतो त्या तशाच्या तशा प्रोसेसरकडे जातात. फक्त प्रोग्रॅम जेव्हा विंडोजला काही मागतो, 'मला एक खिडकी उघडून दे', 'ही फाइल वाचून दे', तेव्हा विंडोजच्या जागी वाइन ओ देते आणि तेच काम खालच्या सिस्टीमकडून करून घेते. या मागायच्या ठरलेल्या पद्धतीला एपीआय म्हणतात. वाइनचे काम १९९३ साली लिनक्ससाठी सुरू झाले आणि १.० आवृत्ती निघायला २००८ चा जून उजाडला. पंधरा वर्षे! एवढा काळ हौस टिकत नाही. (नावावरून घरात काय काय बोलले गेले ते इथे लिहीत नाही.)

लेखकांचा मुद्दा वरवर पाहता बिनतोड आहे, हे मी कबूल करते. लिनक्सवर वाइन आपल्या खिडक्या एक्स-११ या पद्धतीने रंगवते. एक्स-११ हे १९८७ चे, प्रोग्रॅम एका यंत्रावर आणि पडदा दुसऱ्या यंत्रावर असला तरी चालावे अशा बेताने बांधलेले. मॅकवरही एक्स-११ मिळते. पूर्वी ॲपल ते सोबत देत असे, २०१२ च्या माउंटन लायन आवृत्तीपासून ते एक्स-क्वार्ट्झ या नावाने वेगळे उतरवून घ्यावे लागते. मग लिनक्सवरचा तयार ड्रायव्हर मॅकवर तसाच चालवला तर बिघडले कुठे?

बिघडले कुठे ते मी २०१२ च्या दिवाळीत बघितले आहे. भाऊबीजेला भाचा आला होता, त्याच्या लॅपटॉपवर वाइन आणि एक्स-क्वार्ट्झ होते. म्हणाला, "मावशी, तुमचा प्रोग्रॅम देता का, गंमत दाखवतो." खरेच, पाच मिनिटांत पट्टीची खिडकी मॅकवर उघडली. मला कौतुक वाटले. मग मी दिवाणजींच्या थाटात बसून खऱ्यासारख्या अकरा पट्ट्या भरत गेले. वरच्या मेनूत माझ्या प्रोग्रॅमचे नाव नव्हते, एक्स-क्वार्ट्झचे होते. खाली डॉकमध्ये, म्हणजे तळाच्या चित्रांच्या रांगेतही त्याचेच चित्र. दुसरीकडून कॉपी केलेले गावाचे नाव कधी चिकटायचे, कधी मागच्या वेळचेच चिकटायचे. मॅकचा देवनागरी कीबोर्ड लावला तरी वाइनच्या नोटपॅडमध्येसुद्धा देवनागरी काही उमटेना. अकरावी पट्टी भरून झाली, मी वरच्या मेनूतून 'बंद करा' म्हटले. एक इंग्रजी चौकट आली, ती न वाचता एंटर मारला. खेळ खलास. अकरावी पट्टी गेली. मी खिडकी बंद केली नव्हती, मी सगळ्या खिडक्यांच्या पायाखालची जमीनच काढून घेतली होती. चौकटीत तेच लिहिले होते म्हणे, की उघडे असलेले सगळे तिथल्या तिथे थांबेल. चूक माझीच. पण असली चूक माझ्या विंडोजच्या संगणकावर मला करताच आली नसती, कारण प्रोग्रॅममध्ये मी त्याची तजवीज केली होती. विंडोज बंद होताना उघड्या प्रोग्रॅमना आधी विचारते. व्हिज्युअल बेसिकमध्ये तो निरोप 'क्वेरी-अनलोड' नावाच्या जागी येतो, आणि तिथे मी 'पट्टी जतन करायची का?' हा प्रश्न लिहून ठेवला आहे. एक्स-११ च्या वाटेने तो निरोप माझ्यापर्यंत आलाच नाही.

पुढच्या वर्षी, २०१३ च्या जुलैत, वाइन १.६ आली. तिच्यात मॅकचा स्वतंत्र ड्रायव्हर होता, कोडवीव्हर्स कंपनीतल्या केन थॉमसेस यांनी लिहिलेला. दिवाळीत भाच्याने तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी डॉकमध्ये माझ्या प्रोग्रॅमचे चित्र होते, २००१ साली मी स्वतः ठिपके भरून काढलेले हळकुंड. अर्धवट पट्टी उघडी ठेवून त्याने मॅकमधून लॉग-आउट केले आणि पडद्यावर चौकट आली, 'पट्टी जतन करायची का?' मॅकने आपल्या भाषेत 'आता आवरा' म्हटले, ड्रायव्हरने ते विंडोजच्या भाषेत माझ्या प्रोग्रॅमला सांगितले. बारा वर्षांपूर्वी सांगलीत लिहिलेल्या चार ओळींना ते कळले. लेखकमहाशय, हौस ती हीच का?

हे कसे होते ते भाच्याने मला हळदीच्या पोत्याच्या चिठ्ठीमागे आकृत्या काढून समजावले होते. सगळे कळले असे म्हणत नाही, पण जे कळले ते सांगते.

विंडोजमध्ये खिडकीची जागा पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली मोजतात. मॅकच्या कोको या एपीआयमध्ये खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वर. मी म्हटले, म्हणजे आमचा रोजमेळ वरून खाली आणि आयर्विन पुलावरची पाण्याची पट्टी खालून वर. "बरोब्बर," म्हणाला. प्रत्येक खिडकी, माउसची प्रत्येक हालचाल उलटी करून मोजावी लागते, आणि शेजारी दुसरा मॉनिटर लावला की 'तळ' कुणाचा धरायचा हा प्रश्न.

दुसरी गोष्ट याहून अवघड. विंडोजमध्ये प्रोग्रॅमचा कोणताही थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक धागा) खिडकी उघडू शकतो आणि स्वतःच्या खिडकीचे निरोप स्वतः घेतो. जसे आमच्याकडे प्रत्येक मुनीम आपापले गिऱ्हाईक बघतो. मॅकवर खिडक्यांना हात लावायचा तो मुख्य थ्रेडनेच, गद्दीवर बसलेल्या शेठसारखा. मग ड्रायव्हर मॅकच्या मुख्य थ्रेडला गद्दीवर बसवतो आणि विंडोजचे थ्रेड त्याच्याकडे चिठ्ठ्या पाठवतात. इथे खरी मेख आहे. मुनीम शेठच्या होकाराची वाट बघतोय आणि शेठ मुनीमाच्या आकड्याची, असे झाले की दुकान ठप्प. ते होऊ नये म्हणूनच बराचसा कोड लिहावा लागतो.

तिसरी गोष्ट ऐकून मला हसू आले. दोन्ही सिस्टीममध्ये एकाच नावाच्या वेगवेगळ्या वस्तू आहेत. 'बूल' म्हणजे हो किंवा नाही एवढेच सांगणारा प्रकार, विंडोजमध्ये तो चार बाइटचा. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत त्याच नावाचा एक बाइटचा. दोन्ही एका फाइलीत आले की गोंधळ. म्हणून मॅककडे बोलणारा कोड वेगळ्या फाइलींत आणि विंडोजकडे बोलणारा वेगळ्या फाइलींत, मध्ये एकच अरुंद दार. काही नावांना तर 'मॅक' असे आडनाव लावून ओळखीपुरते वेगळे केले आहे. आमच्या यार्डात एकाच आडनावाच्या तीन पेढ्या असल्या की टपाल कसे वाटतात, तसेच.

आता त्या लेखात जे आलेच नाही ते. मॅकची म्हणून वाट धरायची ठरली तरी तिथे वाटा दोन होत्या. एक कार्बन, दुसरी कोको. कार्बन हे जुन्या मॅकच्या प्रोग्रॅमरना नव्या सिस्टीमवर आणण्यासाठी ठेवलेले, सी भाषेतले. कोको हे ॲपलने नेक्स्ट कंपनी घेतली तेव्हा आलेले, ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेतले. वाइन स्वतः सी भाषेत लिहिलेली आहे, म्हणजे कुणालाही कार्बनच जवळचे वाटावे. त्यात वेडेपणा काही नव्हता. ॲपलचा स्वतःचा फाइंडर, म्हणजे मॅकवर फाइली दाखवणारा प्रोग्रॅम, तोसुद्धा २००९ पर्यंत कार्बनवर होता. पण २००७ च्या जूनमध्ये ॲपलने कार्बनच्या खिडक्या ६४-बिट (प्रोसेसरची एका वेळी मोठा घास घेणारी नवी पद्धत, जुनी ती ३२-बिट) करणार नाही असे ठरवले. आमच्या पेठेतल्या छपाईवाल्यांना याची झळ माहीत असेल. फोटोशॉप विंडोजवर २००८ साली ६४-बिट झाले, मॅकवर २०१० साली, कारण मधल्या काळात ते कार्बनवरून कोकोवर न्यावे लागले. वाइनचा मॅक ड्रायव्हर लिहायला घेतला तोवर ही गोष्ट उघड झालेली होती, आणि तो कोकोवर लिहिला गेला.

याचा माझ्या पट्टीशी संबंध काय? तर २०१९ चा ऑक्टोबर. महापुराचा चिखल काढून दोन महिने झाले होते, मॅक मिनीवर प्रोग्रॅम झकास चालला होता, आणि ॲपलची कॅटालिना आवृत्ती आली. ३२-बिट प्रोग्रॅम चालणार नाहीत अशा सूचना आधीपासून येत होत्या. आमच्या चिरंजीवांनी दिवाळीच्या सुट्टीत, आईला मदत म्हणून, अपडेटचे बटण दाबले. व्हिज्युअल बेसिक ६ चा प्रोग्रॅम ३२-बिटच असतो, त्याला इलाज नाही. दुसऱ्या दिवशी हळकुंडावर टिचकी मारली तर काहीच नाही. नव्या हळदीचा हंगाम दोन-अडीच महिन्यांवर. ह्यांनी माळ्यावरची लाल वही खाली काढली आणि न बोलता टेबलावर ठेवली. ते न बोलणे मला जास्त लागले.

डिसेंबरात कोडवीव्हर्सने क्रॉसओव्हर १९, म्हणजे वाइनवरच बांधलेला त्यांचा विकतचा प्रोग्रॅम, काढला आणि ३२-बिट विंडोज प्रोग्रॅम कॅटालिनावर चालू लागले. पैसे देऊन घेतले, आनंदाने घेतले. भाच्याने सांगितलेली मेख अशी, की प्रोसेसरला ३२-बिट सूचना अजून कळतच होत्या, सिस्टीममधून गेल्या होत्या त्या ३२-बिट लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमना लागणारे तयार कोडचे संच. म्हणजे माझा प्रोग्रॅम ३२-बिटच राहू द्यायचा आणि तो मॅककडे मागणी करेल त्या उंबऱ्यावर त्याला ६४-बिट करायचे. उंबऱ्यापलीकडे ६४-बिट कोको उभे होते. ड्रायव्हर कार्बनवर असता तर पलीकडे उभे राहायला कुणीच नव्हते, लाल वही कायमची टेबलावर राहिली असती. एक्स-११ ची वाट तगली असती, हे खरे आहे, एक्स-क्वार्ट्झ ६४-बिट होते. पण मग मी पुन्हा ती इंग्रजी चौकट न वाचता एंटर मारला असता. मी मला ओळखते.

पण म्हणून सगळेच यजमानाच्या, म्हणजे खालच्या सिस्टीमच्या, पद्धतीने करावे, असे मी म्हणत नाही, आणि वाइननेही तसे केलेले नाही. मॅकवर अक्षरे काढायला कोअर टेक्स्ट नावाची देखणी सोय आहे. वाइन ती वापरत नाही, लिनक्सवर जे फ्रीटाइप वापरते तेच इथेही. आधी मला हा आळस वाटला. मग लक्षात आले की माझ्या पट्टीतले रकाने अक्षरांच्या रुंदीवर बेतलेले आहेत. विंडोजने 'कवठे महांकाळ' जेवढ्या जागेत बसवले तेवढ्यातच ते बसले पाहिजे. यजमानाने आपल्या मापाने अक्षर काढले तर वजन भावाच्या रकान्यात शिरेल. छपाईचेही तसेच. मॅक आणि लिनक्स दोन्हीकडे छपाई कप्स नावाच्या एकाच व्यवस्थेतून होते, तिथे वेगळे काही करायची गरजच नव्हती. २०१२ च्या दिवाळीतही छापलेली पट्टी अगदी बरोबर आली होती, एवढे श्रेय त्या पहिल्या प्रयोगाला द्यायला हवे. खिडकी, कीबोर्ड, माउस, कॉपी-पेस्ट, लॉग-आउट, म्हणजे दारातला सगळा व्यवहार, यजमानाच्या रीतीने. अक्षरांची मापे आणि हिशेब, म्हणजे माजघर, आपल्या रीतीने. सीमा नेमकी कुठे आखायची ही अक्कल, आणि ती ड्रायव्हर लिहिणाऱ्याने दाखवली.

कीबोर्डवरून आठवले. मॅकची कमांड कळ स्पेसबारच्या शेजारी असते, जिथे आमच्या जुन्या कीबोर्डवर ऑल्ट होती. मॅक ड्रायव्हर कमांडला ऑल्ट समजतो. त्यामुळे ऑल्ट-पी दाबून पट्टी छापायची माझ्या अंगठ्याची सवय तशीच चालू राहिली, मला काही शिकावे लागले नाही. उलट कमांड-सीने कॉपी होत नाही म्हणून चिरंजीव अजून चिडतात.

आणि देवनागरीचे. नव्या ड्रायव्हरने मॅकच्या कीबोर्डवरची देवनागरी वाइनपर्यंत पोचवली, नोटपॅडमध्ये 'हळद' उमटले. मोठ्या आशेने माझ्या प्रोग्रॅमच्या चौकटीत टाइप केले तर नुसती प्रश्नचिन्हे. हा दोष ड्रायव्हरचा नाही, माझा. व्हिज्युअल बेसिक ६ च्या चौकटींना युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे मावणारी पद्धत, कळत नाही, आणि मी २००१ साली इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रे बसवलेला त्या काळचा फॉन्ट वापरला होता. पाहुणा दारापर्यंत आला, मीच कडी काढली नाही. ती चूक मला एक दिवस निस्तरायची आहे.

लिनक्सवरही आता हाच प्रश्न नव्याने उभा आहे. तिथे एक्स-११ च्या जागी वेलँड येते आहे. वाइन ९.० मध्ये, २०२४ च्या जानेवारीत, वेलँडचा ड्रायव्हर प्रायोगिक म्हणून आला, १०.० पासून तो आपोआप सोबत येतो. वेलँडमध्ये तर प्रोग्रॅमला 'माझी खिडकी अमुक ठिकाणी ठेव' असे सांगताच येत नाही, आणि विंडोजचे जुने प्रोग्रॅम नेमके तेच सांगत असतात. तिथे कुणी तरी आत्ता चिठ्ठ्यांमागे आकृत्या काढत असेल. त्यांना हौशी म्हणायच्या आधी लेखकांनी एकदा त्यांच्या जागी बसून बघावे.

एवढे छापावे ही विनंती. निदान 'एम्युलेटर' हा शब्द तरी पुढच्या अंकात दुरुस्त करावा. लेखकांना पट्टी प्रत्यक्ष निघताना बघायची असेल तर अवश्य यावे. सकाळी सौद्यांची गडबड असते, दुपारी तीननंतर आलेले बरे. पायऱ्या चढताना उजव्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ आहे, रंग देताना आम्ही तेवढी सोडली आहे. मॅक मिनी आता तिच्या हातभर वर, फळीवर असतो.

आपली,
एक अडत दुकानदारीण
गणपती पेठ, सांगली